पदरमोड

अर्ज मी भरते. मावशीला इंग्रजी येत नाही
आणि मला बाहुल्या येत नाहीत.
म्हणून कुताइसीतल्या या स्वयंपाकघरात
आम्ही दोघी मिळून एक कलावंत होतो,
वर्षातून तीनदा, चारदा,
ब्रसेल्सची मध्यरात्र गाठायला,
म्हणजे आमच्या पहाटेचे तीन.

‘तुमच्या कामाचं वर्णन करा. शब्द दोनशे.’
लामारा मावशी अक्रोडाच्या झाडापासून सुरुवात करते:
कुणाच्या परसातलं, वीज कुठल्या फांदीवर पडली,
म्हातारा ओतिया ते द्यायला का तयार नव्हता,
मग त्याच्या बायकोने रात्रीतून काय केलं...
दोनशे शब्द संपतात तेव्हा
कुऱ्हाडीला अजून धारही लावलेली नसते.
मी लिहिते: पारंपरिक बाहुलीकला, समकालीन आशय.
काय लिहिलंस? ती विचारते.
अक्रोडाचंच, मी म्हणते.

पोर्तुगालच्या महोत्सवाचं म्हणणं,
आधी प्रवासखर्च मंजूर करून आणा, मग निमंत्रण.
प्रवासखर्चवाल्यांचं म्हणणं, आधी निमंत्रण.
लग्नात रुसून बसलेले दोन व्याही,
मधे आम्ही अक्षता धरून उभ्या.
शेवटी मी एकाच दुपारी दोघांना लिहिलं
की समोरचा तयार आहे.
मावशी संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन आली.
मेणबत्त्या दोन लावल्या, म्हणाली,
एक तुझ्या खोट्यासाठी, एक ते खरं व्हावं म्हणून.

पुढचा रकाना: पदरमोड किती?
किमान वीस टक्के.
मावशीने राजाला मांडीवर घेतलं,
झग्याचा काठ चाचपला.
इथे कोपेक शिवलेत, चाळीस. लिही.
ज्या देशाची ती नाणी, तो देश आता नाही,
पण त्यांच्या वजनाशिवाय झगा नीट पडत नाही,
राजा भुरुभुरु उडतो.

मी लिहिलं नाही.
मी गुरामच्या बेकरीचं नाव लिहिलं, ‘स्थानिक सहकार्य’ म्हणून,
आणि मग त्याला सांगायला गेले.
पैसे मंजूर झाले तरी मिळतात परतल्यावर,
पावत्या दाखवून. तिकीट आधी आपलंच.
गुरामने नोटा मोजून दिल्या. हाताला पीठ लागलं.

पत्र फेब्रुवारीत आलं.
पहिल्या ओळीत: कळवण्यास आनंद होतो.
चौथ्या ओळीत: एका व्यक्तीसाठी.

राजाला माणसं दोन लागतात.
उजवा हात आणि मान मावशीकडे,
डावा हात आणि पाय बावीस वर्षं शुक्रीकडे.
इतकी वर्षं हा माणूस
राजाच्या काखेजवळ वाकून उभा राहिलाय,
काळे कपडे, काळा बुरखा.
गावात निम्म्या लोकांना त्याचा चेहरा माहीत नाही.

पत्र मी दोनदा वाचून दाखवलं.
शुक्री चहा ढवळत राहिला. साखर तो घेत नाही.

रात्री मावशीने पाय टेबलामागे लपवले.
झग्याला एक खिसा शिवला,
डावा हात आत घालून चार टाके मारले.
शुक्रीने राजाला दिव्याखाली धरलं, बघितलं, म्हणाला,
बरोबर आहे. हाही पैसेच शोधतोय.
मग तो खूप हसला, आणि ती हसली नाही.

विमानतळावर त्यानेच सोडलं,
पेटी वजनकाट्यावर त्यानेच ठेवली.
प्रयोग झाले तीन. लोक उभे राहिले म्हणे.
कुणीतरी लेखात लिहिलं,
खिशातला तो न हलणारा हात
हा राजसत्तेवरचा भेदक अभिप्राय आहे.
मावशीने मला ते दोनदा वाचायला लावलं
आणि शुक्रीला सांगू नकोस म्हणाली.

आता अंतिम अहवाल. बोर्डिंग पास जोडला,
पावत्या जोडल्या, पिठाचे डाग पुसून.
परत तोच रकाना: प्रत्यक्ष पदरमोड?
मावशी टाके उसवत होती.
कात्रीवरून नजर न उचलता म्हणाली,
लिही, एक डावा हात.

मी लिहिलं.
रकाना लाल झाला: इथे फक्त आकडा भरा.
तीन वाजायला सात मिनिटं.
मी १ लिहिला.